धार आणि घागर

गेल्या वर्षीच्या वसुबारसेची गोष्ट. संध्याकाळी मी चकलीची भाजणी भिजवत होते आणि बाहेरच्या खोलीत माझा मुलगा फोनवर कोणाशी तरी तावातावाने भांडत होता. "महिन्याच्या महिन्याला आम्ही १०० चे पैसे मोजतो आणि तुम्ही १२ देता? हा कुठला न्याय?" पलीकडचा माणूस स्वभावाने गरीब असावा. "साहेब, १०० च येतंय, मी इथे बघतोय ना," असे तो पुनःपुन्हा सांगत होता. "आणि मी इथे काय बघतोय? १२!" असे म्हणून चिरंजीवांनी फोन बंद केला आणि ते स्वयंपाकघरात आले.

"आई, चक्क लुबाडतात गं ही माणसं!"

"लुबाडत नाहीत. आठाने भाग," मी म्हटले.

तो माझ्याकडे पाहतच राहिला. आपली आई बालवाडीत मुलांना रंग आणि आकडे शिकवते, मॅट्रिकच्या पुढे ती गेलेली नाही, आणि फावल्या वेळी ती कादंबऱ्या लिहिते, एवढे त्याला ठाऊक होते. ती इंटरनेटच्या वेगाचा हिशेब सांगेल हे काही त्याच्या स्वप्नातही नसावे. पण हा हिशेब मी एका रात्रीत शिकले आहे, आणि त्याची फीही भरपूर मोजली आहे. म्हणून तो विसरत नाही.

फोनवर भांडणारे दोघेही खरे बोलत होते, हीच त्या भांडणातली गंमत. कंपनीचा माणूस बिट मोजत होता आणि माझा मुलगा बाइट. बिट म्हणजे 'होय' किंवा 'नाही' एवढाच एक निरोप. दिवा लागलेला किंवा विझलेला. असे आठ निरोप एकत्र बांधले की त्या मोळीला बाइट म्हणायचे. बिट हा शब्द १९४८ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या निबंधात छापून आला. हा शब्द जॉन टुकी यांनी सुचवला, असे शॅनन यांनी त्यात प्रामाणिकपणे लिहूनही ठेवले आहे. बाइट हा शब्द १९५६ साली आय. बी. एम. मध्ये काम करणाऱ्या वर्नर बुखोल्झ यांनी काढला. टेलिफोनची माणसे सेकंदाला किती बिट गेले ते मोजत राहिली, आणि साठवणीची माणसे किती बाइट भरले ते. १०० ला ८ ने भागले की साडेबारा. त्यातले थोडे वेष्टनात आणि पत्त्यात खर्च होते, म्हणून पडद्यावर बारा.

आपल्या लिपीचा हिशेब केला तर आणखी मौज वाटते. इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटात बसते. देवनागरीतल्या 'आ'ला आजकालच्या पद्धतीने तीन बाइट लागतात आणि 'ई'ला तीन. म्हणजे 'आई' हा शब्द कुठे धाडायचा तर सहा बाइट, ४८ बिट. एवढ्यात आई जाते म्हणायची!

बागलाणातल्या माझ्या आजोळी धान्य मापाने मोजत आणि पाणी पाळीने. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण. आजी मापटे भरून त्यावर हात फिरवायची, की झाले. पण मळ्यातले पाटाचे पाणी कोणी पायलीने मोजले नाही. "आज रात्री आपली पाळी, चार तासांची," एवढेच म्हणत. कणगीत किती आहे हा एक प्रश्न आणि पाट किती वेळ चालला हा दुसरा. आजी शाळेत गेली नव्हती, पण हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे तिला कोणी सांगावे लागले नाही. मला मात्र ते वयाच्या पंचविशीत कळले.

संगणकाची मापेही आजीच्या मापांसारखीच दुपटीदुपटीने वाढतात. दोन, चार, आठ, सोळा असे दहा वेळा दुप्पट केले की १०२४ होतात. ही संख्या हजाराच्या जवळची, म्हणून साठवणीवाल्यांनी तिलाच 'किलो' म्हणायला सुरुवात केली. टेलिफोनवाल्यांचा किलो मात्र नेमका हजाराचा. वरचे २४ एका किलोत नजरेत भरत नाहीत. पण मेगाला चढलो की फरक शेकडा जवळजवळ ५ होतो आणि गिगाला ७ च्या वर जातो. हा घोळ मिटावा म्हणून १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १०२४ च्या मापाला 'किबी' असे निराळे नाव दिले. पण बारशाला काहीही नाव ठेवा, घरात हाक पहिल्यापासून जी पडली तीच मारतात. तसेच झाले.

आपल्याकडे असे होऊन गेले आहे. १९५७ च्या एप्रिलपासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. आणा सव्वासहा नव्या पैशांचा. पण पाव पैसा कोणी द्यावा? म्हणून सुट्ट्या आण्याला सहाच पैसे मिळत. सोळा आण्यांचे असे सोळा वेळा घेतले तर होतात ९६! उरलेले ४ कोणाच्या गल्ल्यात गेले, यावरून माझी आजी वाण्याशी भांडली होती म्हणे. चोरी कोणीच केली नव्हती. दोन मापांच्या सांध्यात ते ४ पैसे सांडले होते.

माझी पहिली कादंबरी २००२ साली मी प्रकाशकांकडे पाठवली ती एका फ्लॉपीवर. त्या काळ्या चौकोनी चकतीवर '१.४४ एमबी' असे लिहिलेले असे. दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० वर्तुळे, प्रत्येक वर्तुळाचे १८ तुकडे, प्रत्येक तुकड्यात ५१२ बाइट, एकूण १४,७४,५६०. हजार हजारांचा मेगा धरला तर हे १.४७ होतात, १०२४ च्या पटीचा धरला तर १.४१. मग १.४४ आले कुठून? एकदा १०२४ ने आणि एकदा १००० ने भागले तरच येतात! हेही आजीच्या खंडीसारखेच. मणापर्यंत दुपटीची माळ नीट ओवत आणायची, आणि पुढे एकदम वीस मणांची खंडी करायची. पण फ्लॉपीपायी माझे काही बिघडले नाही. बिघडले ते पुढे, २००४ सालच्या दिवाळीत.

त्या वर्षी श्रावणात माझी आई गेली. धाकटा भाऊ मस्कतला नोकरीला होता. नोकरीच्या कराराच्या अडचणीमुळे त्याला दहाव्यालाही येता आले नाही. वर्षाच्या आत सण करायचा नसतो, म्हणून घरात फराळ नव्हता. शेजारणींनी आणून दिलेले डबे तसेच पडून होते. दिवाळीच्या दोन दिवस आधी भावाचा फोन आला.

"ताई, नरकचतुर्दशीच्या पहाटे मला आईचा आवाज हवा. ती तबकडी आहे ना, ती कशी तरी पाठव."

आई आम्हाला अभ्यंगाला बसवताना गाणी म्हणायची. आवाज काही फार गोड नव्हता, पण उटण्याच्या वासाशी तो असा जडून गेला होता की एक आले की दुसरे आठवे. एका हळदीकुंकवाला शेजारच्या वहिनींनी ती गाणी टेपवर घेतली होती, आणि पुढे मी त्या कॅसेटची सीडी करून आणली होती. आईची पंधरा मिनिटे. टपालाला आता वेळ नव्हता. भावाने त्याच्या कचेरीतल्या संगणकावर तात्पुरती जागा उघडून दिली. तिथे मी आमच्या तालुक्याच्या गावातून ती चढवायची, असे ठरले.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी सात वाजता मी सीडी पदराखाली धरून इंटरनेटच्या दुकानात गेले. दुकान सांभाळणारा मुलगा फार चांगला होता, हे आधी सांगते. त्याने सीडीवरचा आवाज संगणकात उतरवला. "ताई, १५१ एमबी," तो म्हणाला. त्याच्याकडे टेलिफोनच्या तारेवर चालणारा मोडेम होता. उतरवताना ५६ चा, चढवताना ३३.६ चा. त्याने १५१ ला १०२४ ने गुणले, ३३.६ ने भागले आणि हिशेब सांगितला, "सव्वा तास. फार तर दीड तास धरा."

मी खुर्ची ओढून बसले. पडद्यावर एक निळी पट्टी होती, ती भरत गेली की आई मस्कतला पोचणार होती. आठ वाजले, साडेआठ वाजले. बाहेर मुले फुलबाज्या उडवत होती. मी पट्टीकडे पाहत होते. दहा वाजता ती जेमतेम पाव भरली होती. तो मुलगा कानकोंडा होऊन पुन्हापुन्हा आकडे तपासत होता, आणि तेवढ्यात लाइन तुटली. पट्टी पुन्हा शून्यावर आली.

"ताई, रात्रभर दुकान उघडं ठेवायची मालकांची परवानगी नाही," तो म्हणाला. त्याच्याही डोळ्यांत पाणी आले होते. सीडी पुन्हा पदराखाली घेऊन मी घरी आले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर बसले होते. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षे तारा, रिले आणि एक्स्चेंज यांत घालवून ते निवृत्त झाले होते. आई गेल्यापासून ते फारसे बोलत नसत. मी रडतरडत सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, "त्यानं हिशेब काय केला?" मी सांगितला. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचे जुने पान फाडले, पेन्सिल घेतली, आणि म्हणाले, "बस इथं."

अण्णांनी मला कधी काही शिकवल्याचे आठवत नाही; मुलींचा अभ्यास हे आईचे खाते. त्या रात्री मात्र त्यांनी मला शिकवले.

"सीडी आवाजाची किंमत सेकंदाला ४४,१०० वेळा लिहून ठेवते. दोन कानांसाठी वेगवेगळी, म्हणून दुप्पट. प्रत्येक किंमत १६ बिटांची. किती झाले?"

मी गुणाकार केला. १४,११,२००.

"हे बिट, एका सेकंदाचे. आता तुमचा मोडेम सेकंदाला ३३,६०० बिट नेतो. भाग."

मी भागले. बाकी काही उरली नाही. उत्तर आले ४२.

"म्हणजे तुझ्या आईच्या एका मिनिटाला ४२ मिनिटं. पंधरा मिनिटांना साडेदहा तास, तेही लाइन तुटली नाही तर. त्या पोरानं बाइटला बिटनं भागलं. मध्ये आठ राहिले. पायलीनं पाट मोजला म्हण ना!"

त्या पंधरा मिनिटांचे बाइट १५,८७,६०,००० होतात, हेही त्यांनी करून दाखवले. हजाराच्या पटीने ते जवळजवळ १५९ एमबी. त्या मुलाचा संगणक १०२४ च्या पटीने मोजत होता, म्हणून त्याला १५१ दिसले. पण तो फरक किरकोळ. आम्हाला बुडवले ते आठाने. आवाज दाबून लहान करण्याची युक्ती तेव्हाही होती. एमपीथ्रीच्या नेहमीच्या १२८ च्या मापाने ती पंधरा मिनिटे अकराव्या हिश्शात आली असती आणि तासाभरात गेली असती. पण ते त्या मुलाला ठाऊक नव्हते, मला नव्हते आणि अण्णांनाही नव्हते.

अण्णा पेन्सिल खाली ठेवून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्याला तबकडी पाठवायची आहे, की आई?"

मला कळले नाही.

"तबकडी ही घागर आहे. घागर उचलून न्यायची तर तिचं वजन बघावं लागतं. आमच्या खात्यानं घागरी कधी नेल्या नाहीत. आम्ही धार नेली. एक्स्चेंजमध्ये आम्ही माणसाचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतो, दर वेळी ८ बिट. ६४,००० झाले. अशा ३२ वाटा एका दोरीत गुंफल्या की २०,४८,०००. तीस वाटा बोलण्याच्या, दोन व्यवस्थेच्या. अमेरिकेत २४ वाटांची दोरी करतात, ती १५,४४,००० ची. जगात कुठंही जा, एका माणसाच्या बोलण्याला एक वाट, ६४,००० ची. पंधरा मिनिटं बोललं तर पंधरा मिनिटांत पोचतं. साठवायचंच नाही, तर थांबायचं कशाला?"

"पण अण्णा, सीडीवर १४ लाख आहेत आणि फोनवर ६४ हजारच. बाकीचं कुठं जातं?"

"सांडतं," अण्णा म्हणाले. "साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या मधलं तेवढं तार नेते. खालची घुमारी जाते, वरची किणकिण जाते. पण माणूस ओळखू येतो. त्याच हिशेबानं ते ठरवलेलं आहे."

नरकचतुर्दशीच्या पहाटे पाच वाजता आम्ही मस्कतला फोन लावला. तिथे साडेतीन वाजले होते, पण पहिल्याच घंटीला भावाने उचलला. अण्णांनी सीडी लावली आणि रिसीव्हर स्पीकरजवळ धरला. किती अंतरावर धरायचा हे त्यांनी रात्रीच बघून ठेवले होते. बाहेर कोणीतरी पहिला फटाका उडवला. आई गात होती. मधेच तिला खोकला आला, मधेच ती कोणाला तरी "अगं, कुंकू लाव ना तिला," म्हणाली, आणि पुन्हा गाऊ लागली. पंधरा मिनिटे अण्णांचा हात हलला नाही. वय ६५ चे. हात अवघडला असेल. मी घ्यायला गेले तर त्यांनी मानेनेच नको म्हटले.

सीडी संपली. मी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून काहीच ऐकू येईना. लाइन तुटली की काय, असे वाटले. मग भाऊ म्हणाला, "ताई, आई अश्शीच बोलायची."

फोन ठेवल्यावर मी विचार करत राहिले. तीन वर्षे तो परदेशी होता आणि दर रविवारी आईशी फोनवर बोलत होता. खालची घुमारी गेलेला, वरची किणकिण सांडलेला, त्या अरुंद वाटेने येणारा आवाज, हीच त्याची अलीकडची आई होती. सीडीवरची सगळीच्या सगळी आई त्याला पोचली असती, तर कदाचित ती थोडी अनोळखी वाटली असती.

अण्णा उठून ओसरीवर गेले. पणतीत तेल होते तरी उगाचच त्यांनी आणखी घातले. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "लाइन चांगली होती."

आईबद्दल त्या दिवसभरात ते एवढेच बोलले.

ही हकीकत मी गेल्या वर्षी चकल्या पाडतापाडता मुलाला सांगितली. अण्णा आता नाहीत. भाऊ अजून मस्कतलाच आहे. मुलगा काही न बोलता उठला, कपाटातून ती सीडी शोधून काढली. घरातल्या एकाही यंत्रात ती घालायला जागा नव्हती, म्हणून मित्राकडून वाचनयंत्र मागून आणले. तबकडीवर ओरखडे होते, पण आवाज शाबूत निघाला. त्याने तो मामाला धाडला. १०० च्या वेगाने हिशेब १२.७ सेकंदांचा, आठाचे भान ठेवून त्याने तो स्वतःच केला होता. जिथे मी एक रात्र रडले होते, तिथे त्याची चकलीही खाऊन झाली नाही. धाडून झाल्यावर त्याने त्या कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि "काल माझीच चूक झाली," असे सांगितले. तो माणूस बहुधा चक्रावला असावा.

संध्याकाळी भावाचा फोन आला.

"ताई, मिळाली. छान निघाली आहे, सगळं स्पष्ट ऐकू येतं." मग तो थोडा घुटमळला. "पण नरकचतुर्दशीला पहाटे तू फोन कर. नेहमीसारखी तूच लाव."

मी बरे म्हटले आणि गजर लावला.

"आई, त्यांच्याकडे आता आहे ना ते? मग पुन्हा फोनवर कशाला?" मुलाने विचारले. मी काही बोलले नाही. त्यावर त्यानेच जरा वेळाने विचारले, "किती वेळ लागेल? मीही उठतो."

"पंधरा मिनिटं," मी म्हटले. "याला कशानेच भागायचं नाही."